आधी नळी, मग गन

परवा ऑफिसातल्या एका मित्राने जेवताना विचारलं, "तू गावाकडे त्या वायरिंगच्या भानगडी करतोस ना, मग सांग, हीट गन कोणती घेऊ?" त्याला घरी ड्रोन, एलईडी पट्ट्या, जुनी बाईक असं काहीबाही दुरुस्त करायचं असतं. त्याला वाटलं मी एका ओळीत कंपनीचं नाव सांगेन आणि तो जेवता जेवताच ऑर्डर टाकेल. मी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, थांब, वीकेंडला लिहूनच देतो. कारण या प्रश्नाचं एका ओळीतलं उत्तर मला एकदा फार महागात पडलेलं आहे. पैशांनी नाही. पैशांनी पडलं असतं तर बरं झालं असतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. दोन वायरी जोडल्या की उघड्या तांब्यावर काहीतरी आवरण लागतं. आपण चिकटपट्टी गुंडाळतो. उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरतो, दोन वर्षांनी ती आपोआप उलगडते आणि हाताला काळा चिकटा लागतो. यावर चांगला उपाय म्हणजे गरम केल्यावर आक्रसणारी नळी, म्हणजे हीट श्रिंक. आमच्याकडचे मिस्त्री तिला नुसतं 'स्लीव्ह' म्हणतात. ती जोडावर सरकवायची, गरम करायची, की ती घट्ट बसते. आता ती गरम कशाने करायची? काडेपेटी, लायटर, मेणबत्ती, सोल्डरिंग आयर्नचा दांडा, बायकोचा हेअर ड्रायर, गॅसचा टॉर्च, हीट गन... जितके मिस्त्री तितकी मतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाई असलेल्यांना जाता येईल. हत्यार हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न नळी कोणती, दुसरा प्रश्न काम कुठे करायचंय आणि तिथे वीज कशी आहे. ही दोन उत्तरं नीट आली की तिसरं जवळजवळ आपोआप येतं. आणि ही दोन चुकली तर जगातली सगळ्यात भारी गन आणा, जोड फसणारच.

हे मी कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या विहिरीतून शिकलो.

आमचं गाव उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड. घरी कापूस, तूर, थोडा ऊस. शेती आण्णा आणि नाना म्हणजे माझे वडील आणि चुलते बघतात. मी हिंजवडीत बसून जावा लिहितो. डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची आहे, त्यामुळे गावात माझी ओळख 'इंजिनियर' अशीच. आणि इंजिनियर म्हटलं की मोटार बंद पडली, टीव्ही गेला, मोबाईल पाण्यात पडला, सगळं आपल्याकडे. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये आम्ही पहिल्या वर्षी वर्कशॉपला जिन्याच्या दिव्याचं वायरिंग केलं होतं, तेही पाट्यावर. पण हे गावात सांगायची सोय नाही.

2024च्या दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा विहिरीतली पाच हॉर्सपॉवरची पाणबुडी मोटार रिवायंडिंग करून नुकतीच आली होती. मोटारीची स्वतःची वायर आखूड असते, तिला वरून येणारी तीन कोरची चपटी केबल जोडावी लागते. हा जोड पाण्याखाली राहतो. आण्णा म्हणाले मिस्त्रीला बोलावतो. मी म्हटलं, कशाला? मी आहे की. माझ्याकडे नवी कोरी हीट गन होती, अठराशे वॅटची, दोन टेंपरेचरची, पुण्याहून मुद्दाम आणलेली. सोबत रंगीत नळ्यांचा डबा. खरं सांगायचं तर जोड करण्यापेक्षा ती गन चालवायची हौस जास्त होती. आमच्या आयटीवाल्यांचं हे असं असतं, आधी टूल विकत घ्यायचं, मग त्याला काम शोधायचं :-)

केबल घरीच होती. ओसरीत बसलो. तांबं सोललं, क्रिंपिंगचे बारके पाईप घालून दाबले, नळ्या सरकवल्या, गन लावली. पहिल्यांदा एक्स्टेन्शन बोर्डातून वास आला. मग लक्षात आलं, 1800 भागिले 230 म्हणजे जवळपास आठ अँपियर आणि बोर्ड साधा, पाच-सहा अँपियरचा. मग जाड पिनेच्या पॉवर सॉकेटवर लावली. नळ्या आक्रसल्या, लाल-पिवळ्या-निळ्या, अगदी देखण्या. वरून चिकटपट्टी. फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी मोटार उतरवली, पाणी आलं, नाना खूष.

अकराव्या दिवशी सकाळी मी स्टँडअपला बसलो होतो आणि नानांचा फोन. एरवी ते ऑफिसच्या वेळात फोन करत नाहीत.

"मोटार बंद केलीय," म्हणाले. "राती पाईपाला हात लागला, तं झटका बसला."

त्या आठवड्यात आमच्या फीडरला थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीला होती. शेतीच्या लाईटचं गणित असंच, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. नाना रात्री दोनला एकटे, हातात बॅटरी, हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेले. विहिरीच्या कडेला लोखंडी पाईपाला हात टेकला. पायात कोरडी चप्पल होती म्हणून हात झटकला गेला आणि मागे सरकले. चप्पल ओली असती, किंवा ते दांडात अनवाणी उभे असते तर... हे वाक्य मी त्या दिवसापासून पूर्ण केलेलं नाही.

मी म्हटलं, "नाना, कुणी हात लावू नका, मी येतोय." शुक्रवारी रात्री निघालो, नगरवरून शेवगावमार्गे सकाळी उमापुरात. वाटेत मोबाईलवर काय करत होतो सांगू? चार हजाराची डिजिटल डिस्प्लेवाली हीट गन बघत होतो! माझ्या डोक्यात पक्कं होतं की स्वस्त गनने नळी नीट तापली नाही, म्हणून जोड फसला. नुसतं तेवढंच पक्कं नव्हतं, मी कार्टमध्ये टाकून ठेवली होती.

शनिवारी चेनपुली लावून मोटार वर काढली. रिवायंडिंगवाले मिस्त्रीमामा आले होते. साठीचे असतील. त्यांनी मेगरचं टोक केबलला लावलं, हँडल फिरवलं, काटा शून्यावरच. मग माझी पट्टी सोडवली. एका नळीच्या टोकापाशी काळा डाग. मी लगेच माझी थिअरी सांगितली, गन हलकी होती, उष्णता कमी पडली. मामा काही बोलले नाहीत. पोती शिवायचं दाभण मागितलं. ते नळी आणि वायरीच्या मध्ये घातलं, तर अर्धं दाभण सुळकन आत! मग जोड उभा धरला. नळीतून पाण्याचे थेंब पडले.

"इंजिनियर, गन लई भारी हाय तुमची," मामा म्हणाले. "पण स्लीव्ह बसलीच नाही. ही वायरीला मोठी हाय. कामून घातली ही?"

कामून घातली? कारण डब्यात तीच होती.

आता हिशोब बघा, शाळेतला आहे. नळीवर 2:1 असं लिहिलेलं असतं, म्हणजे ती मूळच्या निम्म्या व्यासापर्यंत आक्रसते, त्याखाली नाही. मी वापरलेली नळी 10 मिलिमीटरची, म्हणजे कितीही तापवा, 5 मिलिमीटरला थांबणार. वायरीचा एक कोर आवरणासकट साधारण 4 मिलिमीटर. मधल्या क्रिंपच्या पाईपावर ती घट्ट दिसत होती, कारण तो जाड. पण दोन्ही टोकांना वायरीभोवती अर्ध्या मिलिमीटरची फट. पाण्याला एवढी वाट म्हणजे हमरस्ता. शिवाय ती साधी, आत गोंद नसलेली नळी. चार हजाराची काय, चाळीस हजाराची गन आणली असती तरी ती 5 मिलिमीटरच्या खाली गेली नसती.

हा हिशोब मी दिवाळीत ओसरीवर बसून दहा सेकंदात करू शकलो असतो. केला नाही. कारण माझं सगळं लक्ष हातातल्या गनकडे होतं.

म्हणून पहिला प्रश्न नळीचा. ही नळी नक्की काय आहे हे समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. साधं पॉलिथिलीन तापवलं की वितळतं. पण त्यावर इलेक्ट्रॉनचा मारा केला की त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना गाठी मारल्यासारख्या बांधल्या जातात. मग ते तापवल्यावर रबरासारखं मऊ होतं, वाहून जात नाही. अशा मऊ अवस्थेत नळी फुगवायची आणि फुगवलेलीच थंड करायची. ती तशीच गोठून राहते. पुन्हा तापवली की तिला आपला मूळ आकार आठवतो आणि ती तिकडे परत जाते. अमेरिकेत पॉल कुक यांनी 1957मध्ये काढलेली रेकेम कंपनी याच किरणांच्या विद्येवर उभी राहिली. आपल्याकडे नवी मुंबईत खारघरला भाभा अणुसंशोधन केंद्राचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे, तिथे अशाच प्रकारच्या इलेक्ट्रॉन झोतांच्या यंत्रांवर काम चालतं. दहा-वीस रुपये मीटरच्या नळीमागे एवढं विज्ञान आहे बघा. आणि आपण तिला काडी लावतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, नळी मूळ आकाराच्या खाली जाणार नाही. म्हणून आक्रसल्यानंतरचा व्यास वायरीपेक्षा कमी हवा आणि आक्रसण्याआधीचा व्यास जोडापेक्षा जास्त हवा. दोन्ही आकडे बघायचे, एक नाही. आमच्या त्या कोरला 3:1ची, 9ची 3 होणारी नळी लागत होती. आणि पाण्याचं, चिखलाचं, उघड्यावरचं काम असेल तर आतून गोंद असलेलीच. तापवल्यावर तो गोंद वितळतो आणि टोकांना किंचित बाहेर येतो. तो बाहेर आलेला दिसला की समजायचं, आतली फट भरली.

दोन, नळीला फार उष्णता लागतच नाही. साधारण पॉलिओलेफिनची नळी 90 ते 125 अंशांच्या दरम्यान पूर्ण बसते. म्हणजे उकळत्या पाण्याच्या थोडं वर! तिला हवी असते ती सगळीकडून सारखी आणि धीराने दिलेली उष्णता. लायटरची किंवा मेणबत्तीची ज्योत हजार अंशांच्या वर असते. ती एका बाजूने नळी करपवते आणि दुसरी बाजू तशीच ढिली राहते. शिवाय वायरीचं पीव्हीसी आवरण. आपल्या साध्या वायरी 70 अंशांसाठी बनवलेल्या असतात. ज्योत लागली की ते आवरण फुगतं, पातळ होतं, आणि त्यावर आपण देखणी नळी चढवतो. म्हणजे जखमेवर झकास पट्टी आणि आत पू. लायटर हे हत्यार नाही, अडचणीची सोय आहे. बाईकची एखादी वायर रस्त्यात तुटली, तर ठीक. त्याला जुगाड म्हणून मिरवायचं नाही. जुगाडाचं कौतुक करणारे लोक बहुतेक वेळा त्या जुगाडापासून तीनशे किलोमीटर लांब राहतात. मीही राहतो, म्हणून सांगतोय.

हेअर ड्रायरचं उलटं. ती हवा माणसाच्या डोक्यासाठी असते, त्यामुळे बहुतेक नळ्या तिला दाद देत नाहीत. बारीक नळी अर्धवट बसते आणि आपल्याला वाटतं झालं काम. अर्धवट बसलेली नळी न बसलेल्या नळीपेक्षा वाईट, कारण ती विश्वास देते.

आता दुसरा प्रश्न, जागा आणि वीज. हा प्रश्न शहरातली माणसं विचारतच नाहीत. तिथे भिंतीत सॉकेट असतं आणि त्यात 230 व्होल्ट असतात. आमच्याकडे संध्याकाळी मीटर लावला तर कधी कधी 170 दिसतात. गनमध्ये तापणारी तार असते. व्होल्टेज कमी झालं की तिची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. 170 भागिले 230 म्हणजे 0.74, त्याचा वर्ग 0.55. म्हणजे अठराशे वॅटच्या गनमधून हजाराच्या आत-बाहेर वॅट. पंखाही मंदावतो, हवा कमी येते. त्यामुळे डब्यावर छापलेल्या वॅटवरून आणि टेंपरेचरवरून भांडण्यात अर्थ नाही. आकडा डब्यावर आहे, उष्णता तुमच्या गावच्या डीपीवर आहे. म्हणून गावात काम करणाऱ्याने थोडी जास्त वॅटची गन घेतलेली बरी, आणि नळी बसली की नाही हे घड्याळावरून नाही, डोळ्यांनी ठरवावं.

हे झालं घरात. शेतात तर सॉकेटच नाही. विहिरीवर फक्त थ्री फेज स्टार्टर. मग काही लोक काय करतात, एक फेज घेतात आणि न्यूट्रल म्हणून दुसरं टोक अर्थिंगच्या सळईला लावतात. गन चालते, बल्ब लागतो, सगळं झकास. पण तो सगळा करंट मातीतून जातो. माती कोरडी असेल, सळई गंजलेली असेल, तर त्या सळईवर आणि तिला जोडलेल्या प्रत्येक लोखंडावर लाईट उतरते. गुरं दगावतात ती अशीच. मी हात जोडून सांगतो, दोनशे रुपयांच्या जोडासाठी हे करू नका. जोड घरी करा, किंवा गॅसवर करा.

आणि आता सौर पंप आलेत. केंद्राची कुसुम योजना 2019मध्ये आली, आपल्या राज्यात 2024पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. दिवसा पाणी देता येतं, रात्री-अपरात्री साप-विंचवात जायची गरज नाही, ही खरंच मोठी गोष्ट आहे. नानांसारख्या माणसांसाठी तर फारच. पण सौर पंपाच्या शेतात हीट गन लावायला काहीच नसतं. कंट्रोलरमधून निघते ती मोटारीची वीज, त्यावर गन लावायची नाही. तिथे गॅसचा बारका टॉर्च, तोही उघड्या ज्योतीचा नाही तर पुढे गरम हवेचं टोक असलेला, हेच कामाचं हत्यार. लायटरच्या गॅसवर भरतो, खिशात मावतो. बॅटरीवरच्या हीट गनही मिळतात, पण महाग, आणि मोठी नळी असेल तर बॅटरी भराभर संपते. अजून एक, सौर पॅनेलच्या डीसी वायरी कापून पीळ मारून नळी चढवू नका. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी येत नाही, ठिणगी पेटलेलीच राहते. तिथे योग्य कनेक्टर, योग्य पान्याने दाबलेला. नळी हा त्याला पर्याय नाही.

जागेचा आणखी एक मुद्दा, जो मला आण्णांनी शिकवला. दिवाळीत मी ओसरीत गन चालवत होतो तेव्हा मागच्या खोलीत वेचलेला कापूस होता. छतापर्यंत. आण्णा दारात उभे राहून म्हणाले होते, "ते अंगणात घेऊन जा." मी म्हटलं, आण्णा, हिला ज्योत नसते. ते म्हणाले, "ज्योत नसंल, पण तोंड लाल हाय की." बरोबर होतं त्यांचं. गनच्या तोंडाशी वरच्या टेंपरेचरला पाचशे अंशांच्या आसपास हवा असते, आणि बंद केल्यावरही ते तोंड बराच वेळ तापलेलं राहतं. कापूस, कडबा, पाचट यांच्या जवळ ना गॅस ना गन. ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळही ज्योत नको, चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिथे गन चालेल, पण बॅटरी सोडवून, उघड्यावर.

आता तिसरा प्रश्न. बघा, आता तो किती लहान झालाय.

टेबलावरचं बारीक काम असेल, ड्रोन, एलईडी, चार्जरच्या वायरी, तर तीनशे वॅटची छोटी गन पुरते. पेनापेक्षा थोडी मोठी असते, हवा हळू येते, शेजारचं प्लास्टिक वितळत नाही. मित्रा, तुझं उत्तर हे. सर्किट बोर्डाचंही काम करणार असशील तर गरम हवेचं रिवर्क स्टेशन घे, त्यात टेंपरेचर लावता येतं आणि नळ्याही बसतात.

बाईक, ट्रॅक्टर, स्टार्टरची पेटी, घरातलं वायरिंग असं मिश्र काम असेल तर दीड-दोन हजार वॅटची दोन टेंपरेचरची साधी गन. ती हजार-दीड हजारापासून मिळते. डिजिटल डिस्प्ले नळीसाठी लागत नाही, रंग काढायला किंवा प्लास्टिक वाकवायला लागत असेल तर वेगळी गोष्ट. पैसे घालायचेच तर तीन ठिकाणी घाला. पुढे लावायचं वाकडं, पळीसारखं तोंड मिळतं का बघा, हवा नळीच्या मागे वळते आणि चारी बाजूंनी तापतं. या एका तुकड्याने जेवढा फरक पडतो तेवढा वरच्या मॉडेलने पडत नाही. गन उभी ठेवता येते का बघा. आणि तिची वायर जाड आहे का, पीन सोळा अँपियरची आहे का बघा.

शेतात काम असेल तर त्याच्या जोडीला गॅसचा टॉर्च. बस्स. एवढंच.

वापरायची रीतही लिहून ठेवतो. जोडायच्या आधी नळी वायरीत ओवायची, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात. मी आजही विसरतो. सोल्डर करणार असाल तर नळी लांब सरकवून ठेवा, नाहीतर ती तिथेच आक्रसून बसते. तापवताना मधून सुरुवात करून टोकांकडे जायचं, म्हणजे आतली हवा बाहेर निघते. एका जागी थांबायचं नाही. तीन कोर असतील तर तिन्ही जोड एकाच ठिकाणी न करता मागेपुढे करायचे, म्हणजे एखादी नळी फसली तरी दोन फेज शेजारी येत नाहीत. गार होईपर्यंत हलवायचं नाही. आणि पाण्यातला जोड असेल तर रात्रभर बादलीत बुडवून सकाळी मेगरने बघायचं. हे शेवटचं मी दिवाळीत केलं असतं तर हा लेखच लिहावा लागला नसता. आम्ही ऑफिसात एक ओळ बदलली तरी टेस्टिंग झाल्याशिवाय पुढे पाठवत नाही. आणि चुलत्याच्या विहिरीत जोड सोडताना मी फोटो काढून ग्रुपवर टाकला!

त्या शनिवारी जोड पुन्हा कसा केला हे सांगायचं राहिलंच. गंमत ऐका. गोंदवाली नळी माझ्याकडे नव्हती, मामांकडेही नव्हती. त्यांनी माझा जोड कापून टाकला, तिन्ही कोर मागेपुढे कापले, पुन्हा क्रिंप केले, वायरी फडक्याने पुसून कोरड्या केल्या आणि रबराची टेप काढली. ती ताणायची, अर्ध्यावर अर्धी येईल अशी गुंडाळायची. ती आपली आपल्यालाच चिकटते आणि एकजीव रबर होते. त्यावर घट्ट पीव्हीसी टेप. पाऊण तास लागला. रात्रभर जोड बादलीत. सकाळी मेगरचा काटा पार पलीकडच्या टोकाला. मोटार उतरवली. मी टेस्टर घेऊन पाईपाला लावला, मग मल्टिमीटर, मग पुन्हा टेस्टर. नाना हसले, म्हणाले, "आता लाव की हात." मीच आधी लावला. तो हात लावताना जे वाटलं ते प्रत्येक इंजिनियरने एकदा तरी अनुभवावं असं माझं मत आहे. आपण केलेल्या कामाला आपणच आधी हात लावायचा.

म्हणजे ज्या जोडामुळे हा सगळा लेख झाला तो शेवटी कुठल्याही हीट गनशिवाय झाला. तो अजून विहिरीत आहे, मजेत आहे.

याचा अर्थ नळी वाईट आणि टेप चांगली असा काढू नका. मामांची टेप चांगली बसते कारण त्यांचे हात चाळीस वर्षं तेच करतायत. माझ्यासारख्या हौशी माणसाने टेप गुंडाळली तर त्यात पाच ठिकाणी सुरकुत्या राहतील. नळीचं मोठेपण हेच की ती अनुभव नसलेल्या हातालाही बऱ्यापैकी काम करू देते, अट एवढीच की ती योग्य मापाची हवी. 2025च्या मेमध्ये शेजारच्या वस्तीवरच्या मोटारीचा जोड मी 3:1च्या गोंदवाल्या नळीने केला, मामा शेजारी बसून बघत होते. गोंद टोकाला आला तेव्हा त्यांनी दाभण मागितलं. टोचून बघितलं, गेलं नाही. "हां. ही बसली," म्हणाले. मला कुठल्याही अप्रेझलला एवढं बरं वाटलेलं नाही. नंतर त्यांनी विचारलं, ही नळी कितीला मिळते, आणि दोन मीटर ठेवून घेतली. गन किती वॅटची आहे हे त्यांनी विचारलं नाही.

आणि हो, नानांच्या स्टार्टरच्या पेटीचं अर्थिंग नवीन करून घेतलंय. खड्डा, नवीन सळई, जाड तार. जोड कधीतरी कुणाकडून तरी फसणारच, माणसाची चूक गृहीत धरूनच बाकीचं करायला हवं, हे खरं म्हणजे मला आधी सुचायला हवं होतं.

ती चार हजाराची गन अजून कार्टमध्येच आहे. काढून टाकावीशी वाटत नाही, घ्यावीशीही वाटत नाही. पुढच्या वेळी घरी जाताना नळ्या घेऊन जाईन, वेगवेगळ्या मापांच्या, पिशवीवर दोन्ही आकडे लिहून. आणि एक दाभण. माझं स्वतःचं.